आता मिरजेलाच न्या!

अलोरे म्हणजे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं गाव. कोयना प्रकल्पाची कॉलनी, शेजारी कोळकेवाडीचं धरण. आमच्या लहानपणी कुणाचं हाड मोडलं की आधी कामट्या बांधणाऱ्याकडे नेत, मग चिपळूणला. तिथेही जमेना म्हटलं की घरातलं एखादं वडीलधारं माणूस ठेवणीतल्या आवाजात म्हणे, "आता मिरजेलाच न्या!" मग घाट चढायचा, कराड गाठायचं आणि तिथून पुढे मिरज.

आता मला सांगा, मिरजच का? मुंबई का नाही? पुणं का नाही?

याचं उत्तर एका माणसापाशी सुरू होतं. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी लागते. एसटीतून जाताना हे नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. ते कुणा पाटलाचं किंवा देवाचं नाव नाही, एका सर्जनचं आहे. सर विल्यम वानलेस.

जन्म १८६५, कॅनडात. डॉक्टरकी शिकले न्यूयॉर्कमधे. ते शहर तेव्हा हाडांच्या शास्त्राचं मोठंच ठाणं होतं. ल्युईस सेयर नावाचे सर्जन तिथल्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या कॉलेजात १८६१ पासून ऑर्थोपेडिक्सचे प्रोफेसर होते. अमेरिकेतले या विषयाचे पहिले प्रोफेसर तेच. पाठीच्या कण्याला टीबी झालेल्या पेशंटला ते चक्क टांगून ताणत आणि तसाच त्याच्या अंगाभोवती प्लास्टरचा अंगरखा चढवत. ऐकायला भयानक वाटतं खरं, पण वाकलेली माणसं त्याने सरळ व्हायची. अशा शहरात शिकलेल्या तरुण सर्जनला तिथे पैसा आणि नाव दोन्ही मिळालं असतं. वानलेस १८८९ मधे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे निघाले ते थेट आपल्याकडे. आधी सांगलीत दवाखाना, मग मिरज.

मिरज तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं, पण रेल्वे येऊन पोचली होती. १८९१ मधे कोल्हापूरचा फाटाही जोडला गेला. म्हणजे चालता न येणाऱ्या पेशंटला लांबून आणायची सोय झाली. गंमत म्हणजे १८९४ मधे उघडलेल्या हॉस्पिटलला पैसे दिले ते फिलाडेल्फियाच्या इंजिन बनवणाऱ्या कारखान्याचे जॉन कॉन्व्हर्स यांनी. रेल्वेचाच पैसा आणि रेल्वेनेच येणारे पेशंट!

हे साल जरा लक्षात ठेवा, १८९४. रॉन्टगेनला एक्स-रे सापडला १८९५ च्या अखेरीस. म्हणजे हॉस्पिटलचं दार उघडलं तेव्हा मोडलेलं हाड आतून पाहण्याची काही सोयच जगात नव्हती. बोटांनी चाचपायचं, अंदाज बांधायचा आणि बसवायचं. अँटिबायोटिक्स तर अजून कित्येक दशकं दूर. आणि हा माणूस फक्त हाडांचा डॉक्टर नव्हता. मोतीबिंदू, मुतखडा, गाठी, जखमा, जे येईल ते. स्पेशालिस्ट होणं ही चैन त्याला परवडणारी नव्हती.

पण मला भारी वाटतं ते वेगळंच. १८९७ मधे, म्हणजे हॉस्पिटल धड तीन वर्षांचंही झालं नसताना, वानलेसनी तिथे मेडिकल स्कूल काढलं. दारात पेशंटची रांग लागलेली असताना, ऑपरेशनचे तास कमी करून, इथल्या पोरांना शिकवत बसणं म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्या माणसाला बरोबर कळेल. प्रत्येक टीममधे एक हिरो असतो. सिस्टीम पडली की रात्री दोनला त्यालाच फोन. सगळे त्याची स्तुती करतात, त्यालाही ते आवडतं, म्हणून तो कुणाला काही शिकवत नाही. स्वतः पटकन करून टाकणं नेहमीच सोपं असतं हो!

आता दुसरी बाजू. ते धर्मप्रसारासाठी आले होते, हे लपवायचं काही कारण नाही. शाळाही मिशनच्या कामाला हात मिळावेत म्हणूनच होती. यावर वाद घालणारे घालोत आणि त्यांनी तो घालावाही. पण पाय मोडलेला शेतकरी बैलगाडीतून उतरत होता तेव्हा त्याला उपचार हवा होता, आणि तो त्याला तिथे मिळत होता. कुष्ठरोग्यांना जवळ करायला कुणी तयार नसे, त्यांच्यासाठीही मिरजेत वेगळी सोय झाली. टीबीच्या पेशंटसाठी सॅनेटोरियम उभं राहिलं, तीच ती वानलेसवाडी. हेतू आणि काम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असं मला वाटतं.

१९२८ मधे त्यांना 'सर' किताब मिळाला आणि त्याच वर्षी ते निवृत्त होऊन परत गेले. १९३३ मधे कॅलिफोर्नियात वारले. जवळजवळ चाळीस वर्षं इथे काढून शेवट मात्र तिकडे.

आणि मिरज? मिरज थांबली नाही. पुढे १९६२ मधे तिथे सरकारी मेडिकल कॉलेज आलं. गल्लोगल्ली दवाखाने झाले, हाडांचे, डोळ्यांचे, मेंदूचे. स्टेशनाबाहेर रिक्षावाला आधी "कुठल्या डॉक्टरकडे?" असं विचारतो, असं ते गाव झालं. आमच्या भागातली माणसं "मिरजेला न्या" म्हणायची तेव्हा वानलेस जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हणणाऱ्यांपैकी कुणाला ते नाव माहीतही नसेल. त्यांचा भरवसा डॉक्टरवर नव्हताच, गावावर होता.

मला वाटतं, चांगल्या कामाची यापेक्षा मोठी पावती नाही. आपण निघून गेल्यावर लोकांनी आपली आठवण काढणं ठीकच आहे. पण आपली आठवणही न काढता त्यांचं काम होत राहणं, हे त्याहून कठीण. सोमवारी ऑफिसात गेल्यावर "हे फक्त मलाच येतं" असं जे काही तुमच्याकडे असेल, ते एखाद्या ज्युनिअरला शेजारी बसवून शिकवून टाका. वेळ जाईल. जाऊ दे.