झिलई

ज्याने जन्मात एकदाही पितळेची समई घासली नाही त्याने मोटारीच्या रंगाला पॉलिश करण्याच्या भरीस पडू नये, असे आमचे आता ठाम मत झाले आहे. हे मत आम्ही ग्रंथांतून मिळविलेले नाही. ते आम्हांस गेल्या वैशाखात केशोरीस मिळाले, आणि त्याची किंमत म्हणून आमच्या थोरल्या बंधूंच्या मोटारीच्या बॉनेटवरील बोटभर रंग द्यावा लागला.

केशोरी हे गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्याचे गाव. भोवती साग, ऐन, मोह, पळस यांचे रान. मोकळी जागा असेल तेथे धानाच्या बांध्या. इटियाडोहाचे धरण जवळच. दादांनी आपली सारी शिक्षकी या मुलखात केली आणि उतारवयात एक जुनी, गडद निळी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही मोटार त्यांनी ज्या ममतेने वापरली ती ममता आमच्या वाट्यास क्वचितच आली असेल. दादांना जाऊन तीन वर्षे झाली. मोटार चिंचेखालच्या छपरीत उभी होती. पुतणीचे लग्न ठरले तेव्हा तिने दागिन्यांचा हट्ट धरला नाही, साड्यांचा धरला नाही. सासरी जाईन ती बाबांच्या मोटारीतून, एवढेच तिचे मागणे. इंजिनाची दुरुस्ती गावच्या मिस्त्रीने पत्करली. रंगाचे काम आम्ही अंगावर घेतले. ज्या विषयावर चार पाने वाचली तो विषय आपल्याला येतो असे समजणे, हा प्राध्यापकी पेशाचा जुना रोग आहे.

मोटारीची दशा काय वर्णावी! निळा रंग उन्हाने पांढुरका पडून त्यावर राख फासल्यासारखी कळा आली होती. पाखरांच्या विष्ठेने जागोजाग खळगे पाडले होते, विहिरीच्या जड पाण्याचे गोल डाग पडले होते, आणि सूर्याचे प्रतिबिंब जेथे पडे तेथे त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे सूक्ष्म ओरखडे दिसत. हे ओरखडे बहुधा आपणच काढलेले असतात. मुरमाची धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे आपल्या हाताने रंगावर वाळू घासणे होय.

सामान आणण्यास आम्ही शहरात गेलो. दुकानदाराने बाटल्यांची आणि डब्यांची एक फळीच आमच्यापुढे उभी केली. प्रत्येकीवर आरशासारख्या मोटारीचे चित्र, आणि प्रत्येकीचे आश्वासन एकच. या गर्दीत निवड कशी करावी हे आम्हांस तेव्हा कळले असते तर पुढचा प्रसंग टळता. म्हणून वाचकांसाठी तो विवेक येथे सांगून ठेवतो. या सर्व पदार्थांच्या जाती तीनच आहेत: घेणारे, लपविणारे आणि झाकणारे.

घेणाऱ्यांत कंपाउंड आणि पॉलिश येतात. दोहोंतही घासणारे कण असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. कंपाउंडचे काम भरड, पॉलिशचे बारीक. लपविणाऱ्यांत तेले व भरण असते. ते ओरखड्यांच्या चरांत बसतात, म्हणून रंग क्षणात निर्दोष दिसतो, आणि चार धुण्यांनंतर सारे ओरखडे जागच्या जागी परत येतात. ही लबाडी ओळखण्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्याने थोडा भाग पुसावा; खरी झिलई टिकते, उसनी पुसली जाते. झाकणारे म्हणजे मेणे. ती ओरखडा काढीत नाहीत; रंगावर पातळ पांघरूण घालून ऊन, पाणी आणि विष्ठा यांना काही काळ थोपवितात. ओरखड्यांवर मेण लावणे म्हणजे मळक्या सदऱ्यावर कोट चढविणे. पुष्कळ लोक मेणाची अपेक्षा पॉलिशाकडून आणि पॉलिशाची मेणाकडून करतात, व शेवटी दोघांनाही दोष देतात.

पण घेणारे घेतात ते काय? न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात काचेच्या झिलईविषयी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. घासण्याने काच खरोखर सपाट होते असे नाही. मोठे ओरखडे जाऊन त्यांच्या जागी इतके बारीक ओरखडे येतात की ते डोळ्यांस दिसत नाहीत. मोटारीच्या रंगाचेही ढोबळमानाने तेच. झिलई बाहेरून आणून लावता येत नाही. खोल ओरखड्याच्या दोन्ही बाजूंचा रंग झिजवून त्याचा काठ खाली आणावा लागतो, तेव्हा ती उमटते. आणि झिजवावयास तरी तेथे किती असते? हल्लीच्या मोटारीवर सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी भरते, आणि त्यांपैकी ज्या वरच्या पारदर्शक थरावर झिलईचा सारा खेळ चालतो तो ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. दादांच्या मोटारीवर तर तो पारदर्शक थरही नव्हता. निळा रंग हाच शेवटचा थर. त्याखाली करडे अस्तर, आणि अस्तराखाली पत्रा.

या झिलईच्या नादाला वय तरी किती? अमेरिकेत फोर्डची प्रसिद्ध मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात मिळत असे. १९२३-२४ च्या सुमारास जनरल मोटर्सने ड्यूपाँ कंपनीचे ड्युको हे झटपट वाळणारे रोगण ओकलंड मोटारीवर निळ्या रंगात आणले. पूर्वीच्या व्हार्निशास आठवडे लागत, यास तास पुरत. पण वाळल्यावर ते मंद दिसे आणि घासल्याखेरीज चमकत नसे. घासण्याचा धंदा फोफावला तो या रोगणाच्या आश्रयाने. अशा रोगणास इंग्रजीत लॅकर म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीजांच्या वाटेने आपल्या लाखेवरूनच तिकडे गेला. केशोरीच्या रानात पळसाला तोटा नाही, आणि लाखेचा किडा पोसला जातो तो याच झाडावर. इतकी विद्वत्ता गाठीशी असताना आम्ही काय केले ते आता ऐकावे.

आम्ही सर्वांत भरड कंपाउंड घेतले, कारण रोग जुना होता. यंत्रही एका आसाभोवती गरगर फिरणारे, जोरकस घेतले, कारण दिवस आठच उरले होते. सकाळी दहाला प्रारंभ केला. वैशाखातील झाडीपट्टीचे ऊन. छपरीतला पत्रासुद्धा तापलेला. पहिल्या हातासरशी पांढुरकेपणा जाऊन खालून असा गर्द निळा रंग उघडा पडला की आम्हांस दादा आठवले आणि आमचे भान सुटले. यंत्राची गादी निळी झाली होती. एका थराच्या जुन्या रंगावर असे होणारच, हे आम्ही वाचले होते. तो निळा रंग म्हणजे दादांची मोटारच गादीवर येत आहे, हे मात्र मनात आले नाही. वीज दोनदा गेली. ती परत येताच गमावलेला वेळ भरून काढण्यासाठी आम्ही जोर वाढविला. बॉनेटच्या मधल्या उभार कण्यावर यंत्र किंचित तिरपे झाले, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निळ्यात एक करडी रेघ उमटली. ती धूळ समजून आम्ही फडके फिरविले. धूळ नव्हती.

वहिनी ओसरीवर धान्य निवडीत बसल्या होत्या. यंत्र थांबलेले पाहून त्या आल्या, रेघ पाहिली, आणि कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. आम्ही कंपाउंडला दोष दिला, यंत्राला दिला, वीज मंडळालाही दिला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, समई घासताना मी कंगोऱ्याला कधी राख लावत नाही. तिथे नुसती चिंच फिरवायची. कंगोऱ्यावर आधीच कमी असतं."

आम्ही निरुत्तर झालो. कडेवर आणि कण्यावर रंग मुळातच पातळ बसतो आणि यंत्राचा सारा दाब तेवढ्याच जागी येतो, ही गोष्ट आम्ही छापील पानावर वाचली होती. वहिनींच्या हाताला ती चाळीस वर्षांपासून ठाऊक होती. त्यांनी आम्हांस देवघरात नेले आणि कुलस्वामिनीचा चांदीचा टाक हातावर ठेवला. "आमच्या आजेसासूबाई रोज राखेनं घासत. लख्ख ठेवीत. आता देवीचं नाक कुठे आहे ते तुम्हीच सांगा." टाक खरोखरच लख्ख होता. देवीचे नाक, डोळे, हातातले आयुध, सारे त्या लख्खपणात विरून गेले होते. तीन पिढ्यांची भक्ती तिच्या मुखावरून फिरली होती.

त्या संध्याकाळी आम्ही निवड पुन्हा केली, आणि या खेपेस उलट्या टोकाकडून. आपल्यापाशी जे सर्वांत सौम्य आहे ते आधी लावून पाहावे. त्याने काम झाले तर पुढची पायरी चढू नये. दोन फूट चौरस जागेवर प्रयोग करून मगच बाकीच्यास हात लावावा. आसाभोवती डोलत फिरणारे दुसरे यंत्र आणले. त्याने एकाच जागी उष्णता साचत नाही आणि घाईला शिक्षाही सौम्य होते. मऊ फोमची गादी आणि तेलाचा अंश अधिक असलेले बारीक पॉलिश घेतले. उन्हाने शुष्क झालेल्या जुन्या रंगास ते मानवते. मोटार आधी भरपूर पाण्याने धुतली. मग साबणाच्या पाण्यावर साफसफाईची चिकणमाती फिरवून रुतलेले कण आणि झाडाचा चीक काढला. सर्व कडांवर कागदी पट्टी चिकटविली. काम सकाळी सहा ते आठ, पत्रा हाताला थंड लागेल तोवरच. गादीवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, दाब यंत्राच्या वजनापुरता, आणि प्रत्येक भागानंतर गादी साफ.

चार दिवसांत मोटार उजळली. पूर्ण नव्हे. खोल ओरखडे राहिले, कारण ते काढावयाचे तर तेवढ्या खोलीपर्यंत सबंध रंग खाली आणावा लागता. दूरच्या माणसास ते दिसत नव्हते, आणि जवळच्या माणसास दिसले तर चालण्यासारखे होते.

राहिला प्रश्न मेणाचा. मधमाशीचे मेण साठ-पासष्ट अंशांस वितळते, आणि उन्हात उभ्या असलेल्या गडद मोटारीचा पत्रा या मुलखात तेथपर्यंत सहज पोचतो. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर धरणारे कार्नोबा मेण ऐंशी अंशांच्या वर तग धरते. ते जुन्या गडद रंगाला ओली, खोल अशी कांती देते. मात्र ती काही आठवड्यांची सोबतीण. कृत्रिम बहुवारिकांचे लेप महिनोन्‌महिने टिकतात, पण त्यांची चमक काहीशी काचेसारखी. ज्याची मोटार बारा महिने उघड्यावर उभी राहते त्याने खुशाल दुसरे घ्यावे. आम्हांस एका दिवसाची शोभा हवी होती आणि मोटार छपरीत राहणारी होती. आम्ही कार्नोबा घेतले, आणि बोटाने चाचपून कळणार नाही इतका पातळ थर दिला. जाड थराने काहीच अधिक साधत नाही, पुसताना खांदे मात्र दुखतात.

शेवटी चालकाच्या दाराशी आलो. कुलपाच्या भोकाभोवती ओरखड्यांचे एक दाट वर्तुळ होते. दादांच्या किल्ल्यांचा जुडगा मोठा. शाळेच्या कपाटांच्या किल्ल्याही त्यातच. अंधारात भोक चाचपताना उठलेले ते ओरखडे. तेथे थोडे कंपाउंड चालले असते; पट्टी लावून, हाताने, जपून. आम्ही डबी उघडली आणि वहिनींकडे पाहिले.

"तेवढं राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या.

आम्ही त्या वर्तुळावर मेणाचा हात दिला आणि तसेच पुसून घेतले.

लग्नाच्या दिवशी बॉनेटच्या करड्या रेघेवर झेंडूची माळ आली. ती योजना पुतणीची. तिने आम्हांस एका शब्दाने बोल लावला नाही, त्यामुळे तो अधिकच लागला. मोटार गावाबाहेरच्या मुरमाच्या रस्त्यावर वळली तेव्हा तिच्या टपावर दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या उलट्या चालताना दिसत होत्या.

निघताना उरलेली मेणाची अर्धी डबी आम्ही वहिनींपाशी ठेवून आलो. परवा त्यांचा फोन आला. ओसरीवरच्या पितळी घंगाळाला त्यांनी ते मेण लावून पाहिले होते. महिना झाला तरी घंगाळ काळवंडले नाही आणि एकदाही घासावे लागले नाही. टाकाला काय करावे, असे आम्ही विचारले. त्यावर त्या म्हणाल्या की टाकाला आता काहीच लावत नाही, मऊ पंचाने पुसते. पण मेणाची दुसरी डबी पाठवावयास विसरू नका.

आम्ही ती कालच पाठविली.