लगीन कोणाचं?

अठरा वर्षं मी पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. वारली चित्रांचा तास माझ्या आवडीचा, कारण तो सोपा. "दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल, हातापायांच्या काड्या. झाला माणूस!" जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हेही सांगायचे. पण मनात पक्कं बसलं होतं, की ही हात न बसलेल्यांची कला. हे कधी बोलून दाखवलं नाही. शिकवलं मात्र तेच.

क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी सांस्कृतिक संग्रहालयात मुलांना नेलं तेही धडा उरकायला. बोहाड्याचे मुखवटे, वाळक्या भोपळ्याचं तारपा हे वाद्य बघत मुलं पुढे सरकली. एका कोपऱ्यात डहाणूकडच्या एक मावशी प्रात्यक्षिक दाखवत होत्या. गेरू फासलेलं कापड, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. काडी फिरत होती, पण कापडावर काही दिसेना. ओली रेघ गेरूवर जेमतेम दिसते; वाळत जाते तशी पांढरी होते. मावशींची काडी पुढे गेलेली असायची आणि मागून सावकाश नाचणाऱ्यांची वाटोळी रांग उमटायची. एकही रेघ त्यांनी दुसऱ्यांदा गिरवली नाही. मी खोडरबराशिवाय काढायला बसत नाही.

तरी मी हौसेने मुलांनी केलेलं दिवाळीचं शुभेच्छापत्र पुढे केलं. त्यावर मी शिकवलेला वारली चौक, म्हणजे नक्षीची चौकट होती. मावशींनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "लगीन कोणाचं?"

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. चौक लग्नघरात काढायचा. सुवासिनी काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, मधे पालघट देवी बसते. चौक नाही तर लग्न नाही.

"अन् यात देवी कुठंय?"

मधली जागा मीच मोकळी ठेवायला सांगितली होती, 'शुभ दीपावली' लिहायला.

त्या रागावल्या नाहीत, पत्र नीट घडी घालून परत दिलं. देवीची जागा रिकामी करून मी तिची नक्षी केली होती, आणि इतकी वर्षं अडाणी त्यांना समजत होते.

सोमवारी फळ्यावर त्रिकोण काढला नाही. झालेली चूक माझी, असं मुलांना सांगितलं. एकीने विचारलं, "बाई, मग आता मधे देवी काढू?"

"नको. आधी आजीला विचारून ये, आपल्या घरी लग्नात भिंतीवर, दारात काय काढायचे आणि का."

मीही आईला विचारणार आहे. मलाही ते ठाऊक नाही.