कापलेलं बूच

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी बघत वाढलो, त्यामुळे लेथवर हात बसला तो लाकडावरच. पुढे फणसाच्या लाकडाची बुचं कातायला लागलो तेव्हा वरची मूठ माझी असायची, खालचा क्रोम केलेला भाग बाजारातून आणलेला. धातूचा विचार मी केलाच नव्हता. पहिल्याच वर्षी एका वहिनींनी कोकमाच्या आगळाची बाटली आणून पुढ्यात ठेवली आणि काही न बोलता बूच उपटून दाखवलं. क्रोमला फोड आले होते, फोडांखाली पांढरी भुकटी. लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूत मी हे घातलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही.

आंबोली घाट चढून कोल्हापूरला एका प्लेटिंगवाल्या काकांकडे गेलो. म्हटलं, दोनशे बुचं आहेत, थर जाड चढवून द्या. काकांनी बूच शिकंज्यात धरलं आणि हॅकसॉनं उभं कापलं. आत जस्ताचं करडं ओतीव. त्यावर तेजाबाचा थेंब टाकला, तो फसफसून उठला.

"क्रोम अर्धा मायक्रॉनसुद्धा नसतंय पोरा. ते चकाकीला. राखण करतंय ते खालचं निकेल, अन् ते तरी किती? धा-वीस मायक्रॉन. बाटलीच्या काचेला रोज घासणार, वर तुझं आगळ आंबट अन् खारट. सुईएवढं भोक पडलं की आत जस्त कुजतंय, फुगतंय, थर उचलतंय. मुलामा नको. तीनशे सोळा नंबरचं स्टील घे, ते अख्खं एकच असतंय."

स्टीलमधलं क्रोमियम हवेशी मिळून स्वतःचा पातळ पापुद्रा धरतं, ओरखडा गेला तरी पुन्हा धरतं. मिठापुढे टिकायला त्यात मॉलिब्डेनमही असतं, हे सगळं त्यांनी मला उभ्याउभ्या समजावलं. प्लेटिंगवर पोट असलेला माणूस दोनशे नगांचं काम स्वतःच्या तोंडानं नाकारत होता. वर एका टर्नरचा पत्ता लिहून दिला. पैसे विचारले तर चहा मागवला.

ती दोनशे बुचं मी विकली नाहीत. विकलेली घरोघर जाऊन परत आणली.

आता दर मे महिन्यात नवं आगळ झालं की पहिली बाटली, स्टीलचं बूच लावून, कोल्हापूरला जाते. दिवाळीच्या सुमारास ती रिकामी होऊन माघारी येते, बुचासकट. बूच काकांनी धुतलेलं नसतं. मी ते तसंच भिंगाखाली धरावं, अशी त्यांची सक्त ताकीद आहे.