अण्णा, अक्का आणि उतारा : राळेगणसिद्धी ते बेळगाव

राळेगणसिद्धीत ‘अण्णा’ म्हटले की किसन बाबुराव हजारे, हे कुणाला सांगावे लागत नाही. थोरल्या भावाला हाक मारण्याचा हा शब्द मराठीत कन्नडमधून आला. धारवाडच्या घरातही धाकटा भाऊ थोरल्याला ‘अण्णा’च म्हणतो. अक्का, तूप, अडकित्ता हे शब्दही त्याच वाटेने आलेले मानले जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातले हे गाव कर्नाटकाच्या सीमेपासून खूप आत आहे. तरीही गावातल्या सर्वांत परिचित माणसाची ओळख कन्नडातून आलेल्या शब्दात आहे. मराठी-कन्नड सीमाभागाकडे जाणारा माझा प्रवास याच गावातून सुरू झाला.

राळेगणसिद्धी पर्जन्यछायेतले गाव. सैन्यातून १९७५ मध्ये परतल्यावर हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि नंतर नालाबंडिंग, समतल चर, पाझर तलाव या पाणी अडवण्याच्या कामांत गावाला ओढले. येथील ग्रामसभा मराठीत भरते, शाळा मराठीत शिकवते आणि सातबाराचा उतारा मराठीत निघतो. बोलण्याची भाषा आणि कागदाची भाषा एकच असल्यामुळे भाषेकडे प्रश्न म्हणून पाहण्याची वेळ गावकऱ्यांवर येत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावरील उपोषणात अण्णा हिंदीतून बोलले, म्हणून त्यांचे मराठीपण उणे झाले नाही. दुसरी भाषा स्वतःच्या गरजेने उचलली की तिचे ओझे होत नाही.

या मुलखाचे कानडी मुलखाशी नाते जुने आहे. याच जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि त्याच ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले. देवगिरीच्या यादवांचे शिलालेख संस्कृत, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत सापडतात. मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जाणारा एक लेख तर थेट कर्नाटकात, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी, कन्नड आणि तमिळ लेखांच्या शेजारी कोरलेला आहे.

तालुक्याचे गाव पारनेर. सेनापती पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० मध्ये येथे झाला. सीमाप्रश्नाच्या इतिहासात या गावाचे नाव त्यांच्यामुळे येते. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, मे १९६६ मध्ये, बेळगाव सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी त्यांनी मुंबईत उपोषण आरंभले. त्याच वर्षी ऑक्टोबरात या वादासाठी केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. आज देशाला पारनेर तालुका आठवतो तो अण्णांच्या उपोषणांमुळे. त्याच तालुक्यात जन्मलेल्या म्हाताऱ्या सेनापतीने भाषेच्या हक्कासाठीही अन्न सोडले होते.

राळेगणहून पुणे आणि पुढे सातारा, कराड हा रस्ता अखंड मराठी मुलखातून जातो. कराडहून सांगलीकडे वळले की चित्र पालटू लागते. सांगलीजवळचे कुपवाड आज सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत सामावले आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी येथील बोलण्याचा अभ्यास केला आणि तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी गावातले जैन शेतकरी घरी कन्नड बोलत, मुसलमान उर्दू आणि दलित मराठी. शतकानुशतके एकाच शिवारात राबल्यामुळे या भाषांच्या वाक्यांची घडण इतकी जवळ आली होती की, एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद हिंदी-उर्दूत एरवी नाही, पण कुपवाडच्या उर्दूने तो घेतला. शब्द मात्र ज्याचे त्याने वेगळे ठेवले, कारण घरची भाषा ही जातीची आणि धर्माची खूण होती. घराबाहेर सगळ्यांची समाईक भाषा मराठी होती.

द्वैभाषिक समाजाचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते. व्याकरण एक झाले तरी माणसे एक होतीलच असे नाही, आणि ओळख वेगळी राखूनही व्यवहार अडत नाही, या दोन्ही गोष्टी कुपवाडने दाखवल्या. तेथे दोन भाषा येणे ही विद्वत्ता नव्हती. बाजार, मळा आणि मजुरीची ती नित्याची गरज होती.

सांगलीहून कोल्हापूर गाठले की पुढे कागल येते आणि कोगनोळीच्या नाक्यावर कर्नाटक सुरू होते. दोन्ही बाजूंना ऊस सारखाच आहे, बदलते ती पाट्यांवरची लिपी. ही सीमा १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेने आखली. मुंबई राज्यातले बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातला मराठीभाषी चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला गेला. उरलेल्या मराठी गावांसाठी महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांचा आग्रह धरला. महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला, सोलापूर-सांगलीकडची काही गावे कर्नाटकाला आणि बेळगाव कर्नाटकातच, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली. कर्नाटकाच्या मते तोच शेवटचा शब्द आहे.

निपाणी हे तंबाखूचे गाव. १९८१ मध्ये येथील तंबाखू उत्पादक शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसले. नेता महाराष्ट्रातला आणि भूमी कर्नाटकाची होती, पण मागणी तंबाखूच्या भावाची होती. पोटाच्या प्रश्नावर भाषेची सीमा ओलांडली जाते, हे निपाणीने तेव्हा दाखवले.

बेळगाव शहरात मराठीचा संसार मोठा आहे. १९४६ मध्ये याच शहरातल्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ‘तरुण भारत’ १९१९ पासून येथे निघतो. इंदिरा संत येथेच राहिल्या. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधील ‘रावसाहेब’ याच शहरातले, आणि त्यांच्या मराठीला आलेला कन्नड हेल वाचकांना परका वाटला नाही. उलट दिशेची उदाहरणेही तितकीच मोठी आहेत. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण त्यांनी कन्नड कवितेला ज्ञानपीठ मिळवून दिले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आणि गदगचे भीमसेन जोशी कन्नड घरांतून आले आणि मराठी माणसाने त्यांना आपले मानले.

बेळगावात १ नोव्हेंबर दोन प्रकारे पाळला जातो. कन्नड भाषकांचा तो राज्योत्सव, तर सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिवस. १७ जानेवारी हा मराठी भाषकांचा हुतात्मा दिन. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध मोठे आंदोलन झाले. २०१२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले आणि त्याच वर्षी जवळच्या येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक पाडला गेला. २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही, तरी काळा दिवस थांबलेला नाही. मत देण्याची कारणे बदलली, पण भाषेचे दुःख मतपेटीबाहेर राहिले.

ते दुःख कचेरीत दिसते. सीमाभागातला मराठी शेतकरी जमिनीच्या कागदाला राळेगणच्या शेतकऱ्यासारखाच ‘उतारा’ म्हणतो. पण त्याच्या हाती येणारा उतारा कन्नड लिपीत असतो. बाजारात दोन्ही भाषा सहज बोलणारा हा माणूस स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो. अविश्वास येथे मूळ धरतो. शेजाऱ्याच्या कन्नड बोलण्याने तो कधी निर्माण झालेला नाही.

प्रश्नाची दुसरी बाजू महाराष्ट्रात आहे. जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड भाषक मोठ्या संख्येने राहतात आणि तेथे कन्नड शाळाही आहेत. जतच्या काही गावांनी एकेकाळी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती, ती पाण्यासाठी. राळेगणने जे पाणी स्वतःच्या शिवारात अडवले, त्याच्या अभावी येथे राज्य बदलण्याचा विचार सुचला. सीमेवरच्या माणसाची निष्ठा भाषेइतकीच त्याच्या हंड्यातल्या पाण्यावरही ठरते. मराठी माणसाने बेळगावसाठी जे मागितले, तेच जतच्या कन्नड मुलाला देणे हे महाराष्ट्राचे कर्तव्य आहे.

राज्यघटनेच्या ३५० क कलमाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे म्हटले आहे आणि ३५० ख कलमाने त्यांच्या हितासाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली आहे. दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे सीमा आखली गेली त्याच वर्षी आली. सीमा कुठे असावी याचा महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. उतारा, नोटीस आणि शाळेचे पुस्तक लोकांच्या भाषेत देण्यासाठी त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही राज्यांनी ते आज द्यावे.