वाचणारं पोर

यंदा आपल्या महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता, ‘प्रसारमाध्यमे : शाप की वरदान?’ वर्गातील मित्रांनी माझे नाव परस्पर देऊन टाकले होते. कोणती बाजू मांडणार, असे सरांनी विचारले तेव्हा मी नुसताच उभा राहिलो आणि शेवटी नाव मागे घेतले. मित्रांना वाटले, खेड्यातले पोर व्यासपीठाला भ्याले. ते थोडेसे खरेही आहे. पण कारण निराळे होते. स्पर्धेत जो तो प्रसारमाध्यमे म्हणजे दूर कुठे मुंबई-दिल्लीत बसलेली एखादी शक्ती आहे, असे धरून बोलत होता. मला तसे बोलता आले नसते. बारा वर्षांचा असताना मी स्वतःच आमच्या वस्तीचे प्रसारमाध्यम होतो. तेव्हा जे घडले ते व्यासपीठावर सांगण्यासारखे नव्हते. लिहून मात्र जमेल असे वाटते.

आमचे घर सांगोला तालुक्यात, गावापासून दोन किलोमीटरवर, वस्तीला. वडील चौथीपर्यंत शिकले. ते सही करतात, एसटीची पाटी वाचतात, पुढे अक्षरे त्यांना साथ देत नाहीत. आई शाळेत गेलीच नाही. आजोबांना सगळे तात्या म्हणत. त्यांना काळ्यावर पांढरे करता येत नव्हते. पण बातमीची भूक मोठी. त्यांचा एक रेडिओ होता आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्या लागल्या, की घरात भांड्याचा आवाज झालेला त्यांना खपत नसे. तो रेडिओ बिघडला आणि दुरुस्त होईना. त्याच सुमारास मला जोडाक्षरे वाचता येऊ लागली. रेडिओच्या जागी माझी नेमणूक झाली.

वडील गावातल्या हॉटेलातून कालचा पेपर मागून आणायचे. तात्यांचा क्रम ठरलेला होता. आधी डाळिंबाचा भाव, मग पाऊस, मग कोण वारले, आणि वेळ उरला तर देशाचे राजकारण. गंमत अशी, की भाव त्यांना आधीच ठाऊक असायचा; आदल्या दिवशी मार्केटला जाऊन आलेल्या कोणाकडून तरी त्यांनी तो काढलेला असे. एकदा मी विचारले, “तात्या, ठावं हाय तर वाचाया कशाला लावता?” ते म्हणाले, “पेपर खरं बोलतुय का बघतुय.” त्या वेळी मला हा म्हातारपणाचा चाळा वाटला होता.

वस्तीवर मी ‘वाचणारं पोर’ म्हणून प्रसिद्ध झालो. कोणाची बँकेची चिठ्ठी, कोणाच्या औषधाची बाटली, कोणाची लग्नपत्रिका, सगळे माझ्याकडे येई. पत्रिकेत आपले नाव प्रेषकांत आहे की नुसत्या निमंत्रकांत, हे कळेपर्यंत काही माणसांचा श्वास अडकलेला असायचा. मला त्या सत्तेची चटक लागली. घसा खाकरून, बातमीदारासारखा आवाज लावून मी वाचत असे.

माध्यमांनी माणसे बिघडतात, असे मी सरसकट म्हणणार नाही. २०१६ साली ‘सैराट’ आला. त्याचे दिग्दर्शक आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यातली आर्ची ट्रॅक्टर चालवते. ते बघून आल्यावर माझ्या चुलत बहिणीने चुलत्यांकडे ट्रॅक्टरची किल्ली मागितली. आठ दिवस घरात रणकंदन झाले. आज ती सासरी स्वतः नांगरट करते आणि डिझेलचा हिशेबही तीच ठेवते. पोरांनी मात्र त्या सिनेमातून केसांची तऱ्हा तेवढी घेतली! एकच चित्र, पण ज्याचे त्याने घेतले निराळे.

उलट, अफवा पसरायला मोबाईलच लागतो असेही नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पितो म्हणून लोक देवळांपुढे रांगा लावून उभे राहिले, तेव्हा आमच्या तालुक्यात मोबाईल कोणी पाहिलाही नव्हता. माझी आजी तांब्याभर दूध घेऊन चालत गावात गेली होती. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध दगडावर ओढले जाते, हे शास्त्रज्ञांनी लगेच सांगितले. पण ते आजीपर्यंत पोचायला मी अकरावीत जाईपर्यंत वेळ लागला. ती म्हणाली, “आसंल. पर दूध काय वाया न्हाय गेलं, खाली कुत्र्यांनी पिलं.” त्या अफवेत निदान कोणाचे रक्त सांडले नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

२०१६ च्या अखेरीस मोबाईलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि पुढच्या वर्षी वडिलांनी टचचा मोबाईल घेतला. त्यावर रोज व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप येऊन पडत. चित्रे वडिलांना कळत, मजकूर कळत नसे. संध्याकाळी दिवेलागणीला ओट्यावर माणसे जमली की हाक यायची, “काय लिवलंय, वाच रं.”

२०१८ च्या जूनमध्ये मी नुकताच सातवीत गेलो होतो. त्या दिवसांत महाराष्ट्रातच नव्हे, तर अनेक राज्यांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांचा निरोप फिरत होता. आमच्याकडेही आला. भिकारी, साधू, घोंगड्या विकणाऱ्या बाया अशा वेषात टोळी फिरते आहे, मुलांना सांभाळा, हा निरोप सर्वांना पाठवा, असा मजकूर. सोबत एक चित्रफीत होती. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटरसायकलवर दोघे येतात, मागचा एका मुलाला उचलतो आणि गाडी भरधाव निघून जाते. बायांनी पदर तोंडाला लावले.

निरोपात ‘आपल्या भागात’ असे शब्द होते. मी वाचताना ‘सांगोला तालुक्यात’ असे वाचले.

का वाचले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कोणाचे वाईट करावे असे मनात नव्हते. ‘आपल्या भागात’ हे मला मिळमिळीत वाटले, इतकेच. तालुक्याचे नाव उच्चारताच ओट्यावर जी शांतता पसरली, तिने अंगावर मूठभर मांस चढले. त्या संध्याकाळी मला तो निरोप चार वेळा वाचायला लावला. चारही वेळा मी तसाच वाचला. चौथ्या वेळी तर मलाच तो खरा वाटू लागला आणि रात्री मी दाराला आतून कडी आहे का, ते उठून पाहिले.

आमच्याकडे दर वर्षी आषाढीच्या आधी एक डवरी गोसावी येत असे. डोक्याला भगवे फडके, काखेत झोळी, हातात डौर. भैरवनाथाचे गाणे म्हणायचा आणि आजी सुपातून जोंधळे घालायची. त्याचे नाव आम्हाला माहीत नव्हते. ‘गोसावी आला’ एवढेच. त्या निरोपानंतर चार-पाच दिवसांनी तो आला. या खेपेला सोबत त्याचा पुतण्या होता, माझ्याहून थोडा मोठा. वस्तीच्या तोंडालाच त्यांना अडवले. कुठला, कुणाचा, झोळीत काय आहे, बरोबरचे पोर कुणाचे? त्याने आधार कार्ड काढून दिले. ते कोणी वाचायचे? मला हाक आली.

मी कार्ड वाचले. नाव वाचले, गाव वाचले, तालुका मंगळवेढा वाचला. म्हणजे शेजारचाच तालुका. मी मोठ्याने, स्पष्ट वाचले. या खेपेला एक अक्षरही इकडचे तिकडे केले नाही. त्यावर एक जण म्हणाला, “कारड काय, खोटंबी मिळतंय.” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

ज्यांनी चार दिवसांपूर्वी माझ्या खोट्या शब्दावर विश्वास ठेवला, तीच माणसे माझ्या खऱ्या शब्दावर विश्वास ठेवीनात. मी तिथेच तोंड उघडायला हवे होते, ‘सांगोला तालुका मी पदरचा घातला’ असे म्हणायला हवे होते. माझी जीभ टाळूला चिकटली. कोणीतरी गोसाव्याच्या मुस्काटात मारली. कोणीतरी त्याचा डौर हिसकला आणि त्याचे कातडे फाटले. त्याचा पुतण्या रडत माझ्याकडे पाहत होता, कारण कार्ड अजून माझ्याच हातात होते.

तात्या काठी टेकत आले म्हणून पुढचे टळले. ते ओरडले नाहीत. गर्दीत शिरून गोसाव्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “ह्येच्या बापाला मी वळखतुय. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या दारात येऊन म्हनला हुता, आवंदा तुमालाच न्हाय, आमी मागनार न्हाय. मारायचं आसंल तर आदी मला मारा.” तेवढ्यात पोलीस पाटील आले. गोसाव्याला डांबरी रस्त्यापर्यंत पोचवले गेले. आजी सूप घेऊन मागे धावली होती. पण त्याने झोळी पुढे केली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात जमावाने पाच माणसांना मुले पळवणारी समजून पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच मारून टाकले. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षा मागत तिकडे गेले होते. त्यांतले बहुतेक आमच्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले.

तो पेपर मी तात्यांना वाचून दाखवला. त्या दिवशी त्यांनी डाळिंबाचा भाव विचारला नाही. म्हणाले, “नावं वाच.” मी पाच नावे वाचली. “पुन्ना वाच.” पुन्हा वाचली. “आपला हाय का त्यात?” आमच्या गोसाव्याचे नाव साऱ्या वस्तीत मला एकट्यालाच माहीत होते, कारण ते कार्ड मी वाचले होते. ते नाव त्यात नव्हते. मी म्हणालो, “न्हाय.” तात्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटते, मी खरे सांगितले की त्यांना बरे वाटावे म्हणून सांगितले, हे ते ताडून पाहत होते. आणि या खेपेला ताडून पाहायला त्यांच्याजवळ दुसरे काही साधन नव्हते.

ती मोटरसायकलची चित्रफीत कुठली होती, हे मला पुढे कळले. ती पाकिस्तानात, कराचीला, मुलांच्या सुरक्षेसाठी काढलेली जाहिरात होती. शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुले पळवणे किती सोपे आहे, अशा अर्थाची पाटी दाखवतात. आपल्याकडे फिरवताना कोणीतरी हा शेवट कापला होता. कराचीच्या त्या माणसांनी मुले जपा म्हणून सांगितले आणि इकडे त्यातून माणसे मेली. कापणाऱ्याने एक तुकडा काढला. मी एक शब्द घातला. त्याला शोधायला निघालो तर वाटेत आधी मीच सापडेन.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात, पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये, पुष्कळ हातांतून आलेल्या निरोपाला तर एकाच ठिकाणची मर्यादा आली. उपाय चांगला आहे, त्याने वेग कमी होत असणार. पण आमच्या ओट्यावर मोबाईल एक होता आणि ऐकणारी माणसे बारा. पुढे ढकलल्याची खूण पडद्यावर दिसते, वाचणाऱ्याच्या आवाजात ती कुठून यायची? आमच्या माणसांनी मोबाईलवर कधी विश्वास ठेवलाच नव्हता. त्यांना तो वाचताही येत नव्हता. त्यांनी घरातल्या शिकणाऱ्या पोरावर विश्वास ठेवला. स्पर्धेत मी हे बोललो असतो, तर ते ‘शाप’च्या बाजूला गेले असते की ‘वरदान’च्या, मला अजूनही ठरवता येत नाही.

तो गोसावी पुन्हा आमच्या वस्तीकडे आला नाही. तात्या २०२२ साली वारले. तो एक शब्द मी त्यांना कधी सांगितला नाही. आज प्रथमच सांगतो आहे आणि हा अंक घरी नेला तर तो वाचून दाखवायला मीच असणार, हेही मला ठाऊक आहे.

आता आईजवळ स्वतःचा मोबाईल आहे. तिला वाचावे लागत नाही. सगळे बोलूनच सांगणारी चित्रे येतात. परवा सुट्टीत घरी गेलो तर चुलीपुढे बसून तिने एक चित्र पुढे केले. कुठल्याशा पाल्याचा रस सात दिवस घेतला की साखर जाते, असे कोणी पांढऱ्या कोटातला माणूस सांगत होता. मावशीला साखर आहे. आईने विचारले, “खरं हाय का रं?”

मी म्हणालो, “मला ठाऊक नाही. मावशीच्या डॉक्टरांना विचारून सांगतो. तोवर कुणाला पाठवू नको.”

आईने मोबाईल काढून घेतला आणि भाकरी उलटत म्हणाली, “मग कालेजात काय शिकतुयास?”