अंबरनाथचे शिवालय आणि काळा बिबळ्या

अंबरनाथचे शिवालय पाहावयाचे ते उन्हे कलल्यावर. शके ९८२ मधील हे पश्चिमाभिमुख देवालय काळ्या पाषाणाचे; माध्यान्ही भिंती नुसत्या काळ्या भासतात, पण तिरपा उजेड पडताच एकेक मूर्ती उमटू लागते. काळ्या बिबळ्याचेही असेच आहे. तो ठिपक्यांवाचून नसतो. तिरप्या उन्हात त्याच्या अंगावरील ठिपके स्पष्ट दिसतात. आमच्या मंडळींपैकी काही त्यास 'काळा चित्ता' म्हणतात, ते चूक. चित्ता निराळा, आणि काळा बिबळ्या ही तर वेगळी जातच नव्हे. आईबाप दोघांकडूनही तो गुण आला तरच पिल्लू काळे निपजते; एकाच वेतात काळे व ठिपक्यांचे भाऊ असू शकतात.

हा रंग दाट, ओल्या अरण्यांत अधिक आढळतो. ताडोब्याचे रान त्या मानाने कोरडे. म्हणूनच मे २०१८ मध्ये बेल्जियमच्या प्रवाशांस तेथे तो दिसला, त्याचे मोठे अप्रूप झाले. आता त्याच्या दर्शनासाठी आम्ही शहरवासी हौसेने पैसे मोजतो. मात्र मलंगगडाच्या बाजूने त्याचाच ठिपक्यांचा भाऊ वस्तीजवळ आला, की लगेच पिंजरा मागतो! जुन्नरचा अनुभव येथे ध्यानात घेण्याजोगा आहे: तेथे पकडून दूर सोडलेल्या बिबळ्यांमुळे माणसांवरील हल्ले कमी न होता वाढलेच.