एका तारेवरचा शूर

माझा हात वेगवान आहे, असा माझा समज व्हायला डिक डेलचं 'मिसिर्लू' कारणीभूत आहे. १९६२ची ही सर्फ-रॉक धून 'पल्प फिक्शन'मुळे घरोघरी पोचली. तिची सुरुवात सगळ्यात जाड तारेवर, पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, एकसारखं खाली-वर घासत होते. तेवढी मला जमायची. पाहुण्यांसमोर तेवढीच वाजवायचो आणि पुढचं काही कुणी मागायच्या आत गिटार ठेवून द्यायचो. कारण एका तारेवरून दुसरीवर जायची वेळ आली की सगळा डौल उतरायचा.

पहिला संशय पिकवर घेतला. ०.४६ मिलिमीटरचं होतं; कॉर्ड झोडायला झकास, पण एकेक स्वर काढताना तारेला लागलं की वाकायचं. एक मिलिमीटरचं घेतलं, मग दीडचं. हा बदल बरोबरच होता, आवाजाला धार आली. अडायचं तिथे मात्र अडतच राहिलं. मग तारा बदलल्या, दहाच्या जागी नऊचा, जरा बारीक तारांचा सेट. दुकानदाराचं भलं झालं.

पुढची चूक जास्त महागात पडली, कारण ती सद्गुणाच्या वेषात आली होती. मेट्रोनोम. मिनिटाला साठ ठोक्यांवर लावा, ठोक्याला चार स्वर, बिनचूक झालं की पाचाने वाढवा. हे सगळेच सांगतात. मीही नवशिक्या पोरांना मोठ्या तोंडाने सांगितलं आहे. साठला सेकंदाला चार स्वर पडतात आणि एकशेवीसला आठ. मी इमानदारीने चढत जायचो आणि नव्वदच्या आसपास कोसळायचो. पुन्हा साठ, पुन्हा चढण. सरावात काही चूक असेल असं वाटायचंच नाही. चूक करंगळीची वाटायची. म्हणून डाव्या हाताचे व्यायाम वाढवले.

बरं, हे सगळं रात्री, फ्लॅटमध्ये, ॲम्प न लावता. इलेक्ट्रिक गिटार बिनॲम्पची म्हणजे नुसती कुरकुर. ती ऐकू यावी म्हणून मी तार अक्षरशः ओरबाडायचो. जोर मनगटातून कोपरात गेला, कोपर दुखायला लागलं, आणि दुखतंय म्हणजे मेहनत होतेय असा अर्थ मी काढला. मित्राकडे ॲम्पवर डिस्टॉर्शन लावून वाजवलं तेव्हा स्वरांपेक्षा शेजारच्या मोकळ्या तारांचाच गदारोळ जास्त. हाताच्या कडेने तारा दाबून ठेवणं हे निम्मं काम असतं, हे बिनॲम्पच्या सरावात कळणार कुठून?

गाठ सोडवली ती ओळखीतल्या एका सरोदवादकांनी. सरोदचा जवा नारळाच्या करवंटीचा, जाड आणि न वाकणारा. त्या लोकांना आघाताची दिशा पहिल्यापासून घोटवलेली असते. माझी धडपड थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारलं, ''अरे, खाली मारतोस तेव्हा पिक थांबतं कुठे?'' मी म्हटलं, ''अहो, थांबतं कुठे म्हणजे? खाली जातं.'' ते नुसतेच हसले.

घरी येऊन फोनवर स्लो मोशनमध्ये हात टिपला. माझं पिक किंचित जमिनीकडे कललेलं होतं. त्यामुळे वर येणारा आघात तारांपासून दूर, मोकळ्या हवेत सुटायचा. खाली जाणारा मात्र आत घुसून दोन तारांच्या मध्ये रुतायचा. आता प्रत्येक तारेवर तीन स्वर घ्या. सहाव्या, सगळ्यात जाड तारेवर खाली-वर-खाली, शेवट रुतलेला. पाचवीवर वर-खाली-वर, शेवट मोकळा. चौथीवर पुन्हा रुतलेला. म्हणजे सहावीवरून पाचवीवर जाताना मी अडखळायचो, पाचवीवरून चौथीवर सहज जायचो, चौथीवरून तिसरीवर परत अडखळायचो. ज्याला मी करंगळीचा लहरीपणा समजत होतो त्याला इतका सरळ हिशेब होता.

आणि साठच्या चालीवर हे का दिसलं नाही? कारण तिथे वेळ भरपूर. रुतलेलं पिक मी मनगटाची छोटी उडी मारून बाहेर काढायचो आणि पलीकडे ठेवायचो. नव्वदला त्या उडीला जागाच नव्हती. हळू वाजवताना मी जी हालचाल पक्की करत होतो, ती वेगात मुळी वापरताच येत नव्हती.

यावर अमेरिकेच्या ट्रॉय ग्रेडीने 'क्रॅकिंग द कोड' या मालिकेत भरपूर काम केलं आहे. गिटारवादक यंग्वी माल्मस्टीनच्या हाताचं त्याने केलेलं पृथक्करण पाहून मला आधी हसू आलं, मग चीड. इतका वेगाचा बादशहा, पण रुतण्याची जागा तो शिताफीने टाळतो! तारेवर आघात सम संख्येने ठेवतो, म्हणजे शेवट वरच्या, सुटणाऱ्या आघाताने होतो. विषम आले आणि बारीक तारांकडे चढायचं असलं, तर खालचाच आघात तसाच पुढच्या तारेवर ढकलतो.

मी तेच उचललं. चढताना खाली-वर-खाली आणि लगेच पुढच्या तारेवर खालीच. उतरताना तारेवर दोनच आघात, तिसरा स्वर डाव्या हाताच्या पुल-ऑफने, म्हणजे बोट तारेवरून ओढून उचलत. सरावाचा क्रमही उलटा केला: आधी एका तारेवर हात किती सैल आणि किती जलद चालतो ते पाहायचं, मग तीच हालचाल न बदलता दोन तारांवर चार-सहा स्वरांचा तुकडा, वेगातच, चुकला तरी चालेल. साफसफाईसाठी मेट्रोनोम नंतर. ॲम्प लावलेला, आवाज कमी, हेडफोन कानात.

नव्वदची भिंत गेली. एकशेवीसला चढण स्वच्छ वाजते. उतरणीत पुल-ऑफचा स्वर अजून इतरांपेक्षा मऊ पडतो, आणि डिस्टॉर्शन बंद केलं की ते लपत नाही. उतरताना तारेवर एकच स्वर घेऊन पुढे जायचं असेल तिथे तर दरवेळी आघात खाली, रुतलेला. त्यावर यातली कुठलीच युक्ती चालत नाही, तिथे पिक दुसऱ्या बाजूला कलवायला शिकावं लागणार. सध्या तशा जागा मी सरळ बोटाने छेडतो.